भंगार ठरवण्याआधी झाकण उघडा

‘विंडोज १० बंद झालं. हे मशीन आता काढून टाका, नवीन घ्या.’ १४ ऑक्टोबर २०२५ या तारखेच्या आगेमागे हे वाक्य नंदुरबार जिल्ह्यात इतक्या तोंडांतून ऐकू आलं, की ते खरं की खोटं हे तपासून पाहावं असं फारसं कुणाला वाटलंच नाही. दुकानदार हेच सांगतो, दुरुस्तीला येणारा मुलगा हेच सांगतो, तालुक्याच्या बैठकीत एखादे साहेबही हेच बोलतात, आणि मग डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ‘निर्लेखनास पात्र’ असा शेरा पडतो. या वाक्याविरुद्ध मला लिहायचं आहे. त्याच्या सख्ख्या भावाविरुद्धही लिहायचं आहे, कारण त्याचाही तेवढाच बोलबाला आहे: ‘चालतंय ना? मग हात लावू नका. आपल्याकडे कोण येतंय हॅक करायला?’ एकाला खर्चाची घाई आहे, दुसऱ्याला कामाचा कंटाळा आहे. समोरच्या मशीनचं झाकण मात्र दोघांपैकी कुणीच उघडलेलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची की नाही, हे त्याच्या वयावरून ठरत नाही. त्यात कुणाची माहिती राहते, तो इंटरनेटला जोडलेला आहे का, आणि त्याला सुरक्षेचे अपडेट मिळतात का, यावरून ते ठरतं. या तीन प्रश्नांची उत्तरं घेतल्याशिवाय जो ‘काढून टाका’ म्हणतो किंवा ‘राहू द्या’ म्हणतो, त्याचा सल्ला घेऊ नये.

विंडोज १० ‘बंद झालं’ म्हणजे काय झालं, ते आधी पाहू. त्या दिवशी एकही मशीन बंद पडलं नाही. २९ जुलै २०१५ ला आलेल्या या सिस्टीमला दर महिन्याला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने थांबवल्या. सिस्टीममध्ये एखादी फट सापडली तर ती आता आपोआप बुजवली जाणार नाही, एवढा त्याचा अर्थ. ही गोष्ट गंभीर आहे आणि ती मी मुळीच हलकी करत नाही. पण त्याच मायक्रोसॉफ्टने वैयक्तिक वापराच्या मशीनसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली, ही दुसरी अर्धी बातमी दुकानाच्या काउंटरवर सांगितली गेली नाही. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून मशीनची सेटिंग्ज त्या खात्यावर जतन करायला परवानगी दिली, तर ही मुदतवाढ फुकट मिळते. तसं करायचं नसेल तर ३० डॉलर. एका खात्यावर दहा मशीनपर्यंत ती घेता येते. अट अशी, मशीनवर विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, म्हणजे २२एच२, असली पाहिजे.

शाळांसाठी तर दर ऐकून कुणाचाही विश्वास बसणार नाही. शैक्षणिक परवान्याखालच्या मशीनला पहिल्या वर्षी एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी चार. म्हणजे तीन वर्षांचे मिळून सात डॉलर. कार्यालयांना हाच दर पहिल्या वर्षी ६१ डॉलर आहे आणि तो दरवर्षी दुप्पट होतो, म्हणून कार्यालयांचा हिशेब वेगळा. पण जिल्हा परिषदेच्या शाळेला ‘आता नवीन घेण्यावाचून गत्यंतर नाही’ असं सांगणाऱ्याने ही माहिती दिली होती का? दिली नसेल, तर त्याने सल्ला दिला नाही, माल विकला.

आणि माल विकत घ्यायचा कुणी? समग्र शिक्षाच्या निकषांत ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळतं. सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या किती शाळा या गटात बसतात, ते अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत फिरलेल्या कुणालाही सांगायला नको. खडू, रजिस्टर, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छतागृह, वीजबिल असं सगळं त्या १०,००० मधून. अशा शाळेच्या मुख्याध्यापकांना चाळीस-पन्नास हजारांचं मशीन घ्या म्हणणं म्हणजे ‘कॉम्प्युटर बंद करून ठेवा’ असंच म्हणणं आहे. लोकवर्गणी काढा, असाही एक उपाय सुचवला जातो. ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या पाड्यावर वर्गणी मागायला जाणारा शिक्षक काय तोंडाने जाईल, याचा विचार सुचवणाऱ्याने करावा.

आता ‘हे मशीन विंडोज ११ ला चालत नाही’ या निकालाकडे येऊ. इथे सर्वांत जास्त चुका होतात आणि त्यांची किंमत सर्वांत मोठी आहे, म्हणून थोडं थांबून लिहितो.

५ ऑक्टोबर २०२१ ला आलेल्या विंडोज ११ च्या अटी कडक आहेत: चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय, सिक्युअर बूट, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर. पिढी ओळखायला तंत्रज्ञ लागत नाही. ‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. आय३-७१०० असं दिसलं तर सातवी पिढी, आय५-८४०० दिसलं तर आठवी. पाचवीतल्या मुलालाही हे वाचता येईल. आता आठवी पिढी दिसत असूनही मायक्रोसॉफ्टचा तपासणी प्रोग्राम मशीन नापास करतो, आणि लगेच ‘चालत नाही’ असा निकाल लागतो. बहुतेकदा बायॉसमध्ये टीपीएम नुसतं बंद असतं. इंटेलच्या मशीनमध्ये ते ‘पीटीटी’ या नावाने असतं, एएमडीमध्ये ‘एफटीपीएम’ या नावाने. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून आत जायचं, ती सोय चालू करायची, सेव्ह करून बाहेर यायचं. काही मशीनमध्ये विंडोज जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने टाकलेलं असतं, त्यामुळे सिक्युअर बूट चालू होत नाही. त्यासाठी डिस्कची मांडणी एमबीआरवरून जीपीटीवर न्यावी लागते, आणि ते करणारा ‘एमबीआरटूजीपीटी’ हा प्रोग्राम विंडोज १० मध्येच आहे. तो डेटा पुसत नाही. तरीही आधी बॅकअप घ्यावा, कारण मधेच लाइट गेली तर कुणाच्याच हातात काही उरत नाही, आणि धडगावकडे लाइट मधे जाणं ही काही अपवादाची गोष्ट नाही.

एवढ्या कामाला एक दुपार लागते. ती दुपार न घालवता चांगलं मशीन भंगारात काढलं जात असेल, तर तो सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे, आणि मी त्याला दुसरं नाव देणार नाही.

दुसरा गोंधळ वेगाचा. ‘फार स्लो झालंय, जुनं झालंय’ ही तक्रार निम्म्याहून जास्त वेळा ऑपरेटिंग सिस्टीमची नसतेच. कॅबिनेटचा पत्रा काढला की आत काय दिसतं? पंख्याच्या पात्यांवर बोटभर धूळ, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खपली झालेली, चार जीबी रॅमची एकच पट्टी, आणि फिरत्या तबकडीची ५०० जीबीची हार्ड डिस्क. ती हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी बसवली, रॅमची आणखी एक पट्टी घातली, धूळ झटकली, की चौथ्या पिढीचं आय३ मशीनही शालार्थ, यू-डायस प्लस, सरल अशी पोर्टलं विनातक्रार उघडतं. हे काम नव्या मशीनच्या किमतीच्या अगदी छोट्या हिश्शात होतं. गाळ न काढता विहीर आटली म्हणण्याची ही रीत बंद झाली पाहिजे. आणि हो, यूपीएसची बॅटरी. वर्षानुवर्षं मेलेल्या बॅटरीवर मशीन चालवायचं, दिवसातून दोनदा ते धाडकन बंद होऊ द्यायचं, आणि विंडोज करप्ट झालं की विंडोजला बोल लावायचा, हे आपल्या कित्येक कार्यालयांत चाललेलं आहे. सातपुड्यातल्या शाळेला पैसे मिळाले तर पहिला खर्च बॅटरीवर व्हावा, दुसरा एसएसडीवर. सिस्टीमचा विचार त्यानंतर.

इथवर वाचून ‘मग जुनंच बरं’ असं म्हणणारे खूश झाले असतील. आता त्यांच्याशी बोलायचं आहे.

‘आपल्याकडे कोण येतंय हॅक करायला’ हे वाक्य ज्या जिल्ह्यात बोललं जातं, त्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं सरकारी यंत्रणेकडे नोंदवण्याची सुरुवात देशात इथल्या माणसांपासून झाली. तेव्हापासून रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती, मजुरी, पीककर्ज या सगळ्यांच्या वाटेत आधार आहे. म्हणजे आमची माहिती देशात सर्वांआधी गोळा झाली, आणि ती सांभाळायची वेळ आली की ‘आपल्याकडे काय आहे चोरण्यासारखं’ असं म्हणायचं! हा युक्तिवाद मला अपमानकारक वाटतो. गरिबाच्या खात्यात पैसे कमी असतात म्हणून ते गेले तर त्याचं नुकसान कमी होतं, असं नाही. दोन हजार गेले की त्याचा महिना जातो.

तहसीलसमोरच्या कुठल्याही झेरॉक्स-ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात जा आणि मशीनच्या डेस्कटॉपकडे बघा. ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’, ‘स्कॅन’, ‘अर्जंट’. आत गिऱ्हाइकांच्या नावाच्या फाइली. आधारची दोन्ही बाजूंची पीडीएफ, बँक पासबुकाचं पहिलं पान, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, फोटो, सही, आणि कित्येकदा एका नोटपॅडच्या फाइलीत महाडीबीटीचे युजरनेम-पासवर्ड, कारण विद्यार्थी ते विसरतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा इथेच येतात. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले गेले, तेव्हा अशा मशीनमधून गावंच्या गावं गेली. दुकानदार वाईट नसतो. तो मदतच करत असतो, आणि त्याच्याशिवाय निम्मे अर्ज भरलेच गेले नसते. पण त्या मशीनवर विंडोज ७ असेल, ज्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला थांबल्या आणि ज्याच्यावर क्रोमच्या नव्या आवृत्त्याही २०२३ पासून येत नाहीत, तर ते मशीन चालू ठेवण्याचा निर्णय त्या दुकानदाराचा एकट्याचा राहत नाही. धोका पत्करतो तो, आणि भोगायचं असतं फोल्डरमधल्या माणसांनी. त्यांना तर आपली पीडीएफ तिथे पडून आहे हेसुद्धा माहीत नसतं.

हल्ला ‘येत’ नसतो, हेही समजून घ्यायला हवं. कुणी मुद्दाम नवापूर किंवा तळोदा निवडून येत नाही. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ पसरला तेव्हा त्याने गावाचं नाव विचारलं नाही. विंडोजमधली एक फट ज्या ज्या मशीनवर उघडी होती तिथे तो शिरला. ब्रिटनची सरकारी रुग्णालयं अडली, आणि इकडे आंध्र प्रदेशातल्या पोलीस ठाण्यांची मशीनंही. ती फट बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी दिलेला होता. सर्वाधिक सापडली ती विंडोज ७ ची मशीनं, ज्यांना त्या वेळी सुरक्षा-दुरुस्त्या मिळत होत्या. अपडेट उपलब्ध होता, पण तो टाकलेला नव्हता. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला आणि आपल्या उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. कंटेनर हलेनात. देशातलं इतकं मोठं बंदर आणि त्याच्यामागची इतकी मोठी जागतिक कंपनी; तीही यातून सुटली नाहीत.

याचा अर्थ दोन्ही पक्षांनी नीट घ्यावा. मशीन नवं असलं आणि अपडेट बंद असतील तर ते असुरक्षित आहे. मशीन जुनं असलं आणि अपडेट येत असतील तर ते बऱ्यापैकी सुरक्षित आहे. आपल्याकडे मशीन दुरुस्तीला दिलं की ‘अपडेट बंद करून द्या हो, नेट खातं’ असं सांगायची पद्धत आहे, आणि करून देणारेही आहेत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या मशीनला काही जीबीचा अपडेट परवडत नाही, हे मला मान्य आहे. मोलगी किंवा तोरणमाळकडे रेंजच धरत नाही तिथे तर प्रश्नच मिटला. पण मग असं मशीन २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये असुरक्षित झालं नाही, ज्या दिवशी अपडेट बंद केले त्याच दिवशी झालं. त्याला आज नवीन मशीन हा उपाय सांगणं व्यर्थ आहे, कारण नव्याचेही अपडेट पुढच्या महिन्यात बंद करून घेतले जातील. उपाय साधा आहे: महिन्यातून एकदा बैठकीसाठी शहाद्याला किंवा नंदुरबारला येताना लॅपटॉप आणायचा आणि चांगल्या नेटवर अपडेट करून न्यायचा. डेस्कटॉप असेल तर अपडेटची फाइल पेनड्राइव्हवर न्यायची. हे कुणी तरी ठरवून द्यायला हवं, आणि ‘कुणी तरी’ म्हणजे गटशिक्षणाधिकारी कार्यालय आणि पंचायत समिती.

दोघांच्या मधून एक तिसरा माणूस निघालेला आहे. तो म्हणतो, ‘नापास मशीनवरही विंडोज ११ टाकून देतो, पाचशे रुपये.’ अटींची तपासणी चुकवून विंडोज ११ टाकता येतं, हे खरं आहे. टाकल्यावर ते चालतंही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी आपण देत नाही, असं मायक्रोसॉफ्टने स्पष्ट म्हटलेलं आहे. जुन्या कोअर टू ड्युओ मशीनवर तर २४एच२ ही आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या काही सूचना त्या प्रोसेसरला कळत नाहीत. आणि पाचशे रुपयांत परवाना येत नाही. येतो तो क्रॅक, जो टाकताना पहिल्यांदा अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. ज्याला कुलूप तोडायला घरात घेतलं, त्याने जाताना काय नेलं हे कळायला मार्ग नसतो. घरच्या मशीनवर कुणी हा प्रयोग केला तर त्याची मर्जी. लोकांचे अंगठे घेणाऱ्या सेवा केंद्रात हे होत असेल तर मी त्याला निष्काळजीपणा म्हणणार नाही, विश्वासघात म्हणेन.

मग नापास मशीनचं करायचं काय? शाळांच्या बाबतीत माझं उत्तर लिनक्स. या शब्दासरशी जे आक्षेप येतात ते मला पाठ आहेत, आणि त्यातले काही खरे आहेत. आधी खोटे निकालात काढू. ‘शिक्षकांना जमणार नाही’: केरळच्या सरकारी आणि अनुदानित शाळा पंधराहून अधिक वर्षं लिनक्सवर चालल्या आहेत, मुलांच्या आयटीच्या परीक्षा त्यावर झाल्या आहेत, आणि केरळचे शिक्षक आपल्या शिक्षकांसारखेच शिक्षक आहेत. ‘सरकारी कामाला चालत नाही’: संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूवर आधारलेली ‘माया’ ही सिस्टीम वापरायला घेतली, आणि सी-डॅकची ‘बॉस’ तर २००७ पासून आहे. ‘शिकवणार कोण’: आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि लिबरऑफिसचे पाठ मराठीतून करून ठेवलेत, फुकट. ‘मराठी टाइप होत नाही’: युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये आधीपासून असतो, वेगळा काही टाकावा लागत नाही. लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत, त्याची फाइल साधारण तीन जीबीची आहे, आणि चार जीबी रॅमवर त्याची हलकी आवृत्ती नीट चालते. टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून सुरू करून बघता येतं. आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढा, मशीन जसं होतं तसं.

आता खरे आक्षेप. आपल्या कार्यालयांत कॅननचा एलबीपी २९०० हा छोटा लेझर प्रिंटर जागोजागी आहे, आणि लिनक्सवर तो चालवणं कटकटीचं आहे, कारण त्याचा ड्रायव्हर जुना आहे. एचपीचे बरेचसे प्रिंटर मात्र सरळ चालतात. मंगल फॉन्टमध्ये केलेला पत्रव्यवहार लिनक्सवर उघडला तर फॉन्ट बदलतो, ओळी सरकतात, आणि दोन पानांचा अहवाल तीन पानांवर जातो. अंगठ्याच्या यंत्रांचे आरडी सर्व्हिसचे प्रोग्राम मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी असतात. ग्रामपंचायतीची डिजिटल सही असलेला यूएसबी टोकन लिनक्सवर त्या त्या पोर्टलमध्ये चालतो का, हे प्रत्यक्ष लावूनच बघावं लागतं. म्युनिक शहराने आपला कारभार लिनक्सवर नेला आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला, हेही मी लपवत नाही. म्हणूनच मी सगळीकडे लिनक्स टाका म्हणत नाही. मुलं ज्यावर शिकतात, टाइप करतात, व्हिडिओ बघतात, ते मशीन लिनक्सवर न्यावं. मुख्याध्यापकांचं शालार्थचं काम ब्राउझरमध्ये होतं, तेही जाऊ शकतं, प्रिंटर आधी तपासून. सेवा केंद्र आणि ग्रामपंचायतीत अंगठा आणि सही लागते, तिथे विंडोजच हवं, आणि तिथे ते परवान्याचं, अपडेट येणारं हवं. जिल्ह्यात नव्या मशीनसाठी पैसे असतील तर ते पहिल्यांदा तिथे जावेत. साहेबांच्या टेबलावरचं मशीन आधी बदलण्याची प्रथा आहे, आणि खरं पाहता त्या मशीनवर नुसती पत्रं टाइप होतात.

एक मशीन मात्र आहे तसं सोडून द्यावं असं मला मनापासून वाटतं. छापखान्यातलं. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थेचे अहवाल करणाऱ्या डीटीपीवाल्याकडे एक्सपीचं एक जुनं मशीन असतं. त्यात पेजमेकर, श्रीलिपी किंवा आयएसएम, मागे लावलेलं हार्डवेअर लॉक, आणि दोन दशकांचं काम त्या फॉन्टमध्ये. विंडोज ११ फक्त ६४ बिटचं येतं, १६ बिटचे जुने प्रोग्राम त्यावर चालतच नाहीत, आणि जुन्या लॉकचा ड्रायव्हर मिळेल याची शाश्वती नाही. या माणसाला ‘अपग्रेड करा’ सांगणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणं. त्याने त्या मशीनची नेटची वायर काढून टाकावी, ती पुन्हा लावू नये, आणि पेनड्राइव्ह आत घालण्याआधी दुसऱ्या मशीनवर तपासून घ्यावा. नेटच नसलेल्या मशीनला नव्या सिस्टीमची गरज नाही. नवं काम युनिकोडमध्ये करायला त्याने हळूहळू सुरुवात करावी हे खरं, पण तो वेगळा विषय आहे आणि त्याची घाई त्याच्यावर कुणी लादू नये.

राहतो प्रश्न तो निर्णय घेणाऱ्यांचा. नंदुरबार हा १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झालेला जिल्हा. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ पासून आहे, आणि त्यामुळे इथे डिजिटल साहित्याची खरेदी वेळोवेळी होत असते. खरेदीला माझा विरोध नाही. आंधळ्या खरेदीला आहे. जिल्हा परिषदेने आणि नंदुरबार व तळोद्याच्या दोन्ही आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत प्रत्येक मशीनसाठी एक पान जोडणं सक्तीचं करावं. प्रोसेसरचा आकडा काय, रॅम किती, डिस्क कोणत्या प्रकारची, बायॉसमध्ये टीपीएम तपासलं का, एसएसडी घालून पाहिली का, लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहिलं का, आणि शेवटचा अपडेट कोणत्या तारखेचा. खाली तपासणाऱ्याची सही. आश्रमशाळेचं मशीन असो की पंचायत समितीचं, हे पान नसेल तर निर्लेखन मंजूर होऊ नये, आणि मंजूर झालंच तर मशीन भंगारवाल्याकडे जाण्याआधी त्यातली हार्ड डिस्क काढून घेऊन कार्यालयाच्या ताब्यात ठेवावी. त्या डिस्कवर अजून लोकांची आधार कार्डं आहेत.